दुसरा अल्बम आधी रस्त्यावर: मराठवाड्यातल्या एका बँडचं प्रकरण

पहिल्या अल्बममधली आठ गाणी रेकॉर्ड होण्याआधी साधारण साठ वेळा लोकांसमोर वाजली होती. दुसऱ्या अल्बमची दहा गाणी पुण्याच्या स्टुडिओत पोचली तेव्हा बँडमधल्या चौघांशिवाय ती कुणी ऐकलेलीच नव्हती. पुढं जे बिघडलं ते बहुतेक सगळं इथूनच सुरू झालं, आणि जे सावरलं तेही हाच क्रम उलटा केल्यावर.

हे कुठल्या एका बँडचं चरित्र म्हणून वाचू नये. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडकडच्या स्वतंत्र बँडांना दुसऱ्या अल्बमच्या वेळी येणाऱ्या अडचणी इथं एका बँडच्या अंगावर घालून मांडल्या आहेत. रकमाही हिशेब कळावा म्हणून तशाच धरल्या आहेत. तंत्राच्या आणि कायद्याच्या गोष्टी मात्र आहेत तशा दिल्या आहेत.

बँड आणि पहिला अल्बम

चौघं जण. गायक गिटार वाजवतो आणि शब्द बहुतेक त्याचेच. बासवाला कॉलेजपासूनचा मित्र. ड्रमर वाळूजच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. चौथे वयानं थोरले, अंबाजोगाईकडच्या गोंधळी घरातले. संबळ, हलगी, तुणतुणं तिन्ही त्यांच्या हातात. बाकीचे त्यांना मामा म्हणतात.

पहिला अल्बम 31 मिनिटांचा. त्यातली गाणी पाच वर्षांत साठत गेली होती. युवक महोत्सव, गॅदरिंग, गणेश मंडळं, 17 सप्टेंबरचे कार्यक्रम, एखादा मित्राच्या हळदीचा दिवस, अशा ठिकाणी वाजवून ती घासली गेली होती. जिथं लोक कंटाळले तिथलं कडवं आपोआप गळालं. जे ध्रुवपद लोकांनी उचललं नाही ते बदललं. आपण संपादन करतोय हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. रेकॉर्डिंग एका खोलीत, साध्या सामानावर झालं, तरी गाणी पक्की असल्यामुळं ते पुरलं. एका गाण्याचा वीस सेकंदांचा तुकडा रील्सवर फिरला, पुण्या-मुंबईचे शो आले आणि दीड वर्ष बँड गाडीतच राहिला.

दुसऱ्या अल्बमबद्दल जगभर एकच बोललं जातं: पहिल्याला आयुष्य मिळतं, दुसऱ्याला वर्ष. यात तथ्य आहे, पण नुसता वेळ दिला की काम होतं असंही नाही. द स्टोन रोझेसचा पहिला अल्बम 1989 चा आणि दुसरा 1994 चा, तर आर्क्टिक मंकीजनी 2006 नंतर 2007 मध्येच दुसरा आणला. आपल्याकडं द लोकल ट्रेननं 2015 आणि 2018 असं तीन वर्षांचं अंतर ठेवलं. आमच्या मते दोन अल्बमच्या मध्ये किती महिने गेले यापेक्षा त्या महिन्यांत नवी गाणी किती वेळा उभं राहून गायली गेली, हे महत्त्वाचं.

पहिला प्रयत्न

या बँडनं आधी तारीख ठरवली: दसरा. त्यामुळं मास्टर, म्हणजे गाण्यांची अंतिम रेकॉर्डिंग, जुलैअखेर द्यायचे, म्हणजे मे महिन्यात रेकॉर्डिंग. एका लेबलकडून, म्हणजे गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपनीकडून, तीन लाखांचा ॲडव्हान्स घेतला. गाणी लॅपटॉपवर झाली, रात्री, हॉटेलच्या खोल्यांत. गायकानं पुटपुटत चाली बांधल्या, खाली तयार लूप टाकले, आणि दहापैकी सात गाण्यांना क्लिक (लय धरायला कानात वाजणारी टिकटिक) मिनिटाला 96 ठोक्यांवर राहिला. हा आकडा कुणी विचारपूर्वक ठरवला नव्हता. पहिल्या फाइलमध्ये तो होता, पुढच्या फाइली तिच्याच प्रती काढून केल्या.

पुण्यात सहा दिवस काम झालं. खर्च असा: स्टुडिओ 72,000, राहणं-खाणं-प्रवास 38,000, कीबोर्ड आणि प्रोग्रामिंग 40,000, दहा गाण्यांचं मिक्सिंग 80,000. एकूण 2,30,000. मिक्स हातात आले तेव्हा कुणालाच दुसऱ्यांदा ऐकावेसे वाटले नाहीत. आवाज स्वच्छ होता, सूर लागलेले होते, आणि गाणी मात्र मेलेली होती.

दोष शोधण्याची रीत या प्रकरणातला सर्वांत उपयोगी भाग आहे, म्हणून तो सविस्तर.

लय

जुन्या शोची मोबाइलवरची रेकॉर्डिंग काढली आणि बोटानं ठोका मोजणारं ॲप लावून प्रत्येक कडव्याची लय लिहून काढली. गोंधळाच्या अंगाचं जुनं गाणं 92 ला सुरू होऊन 101 ला संपत होतं. हे दर शोला, दोनेक ठोके इकडं-तिकडं. संबळ गाणं पुढं ओढते आणि लोक त्या ओढीवरच उठतात. गोंधळाची घडणच अशी आहे: सुरुवात संथ, मग चढत जाणं. नवं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत 96 वर बांधलं होतं. म्हणजे सुरुवातीला ते घाईचं वाटणार आणि शेवटाला मागं राहणार. मामा स्टुडिओतच म्हणाले होते, "ह्या ठोक्यावर हात चालंना, दादा. मशीन मागंच ओढायलंय." तेव्हा ते सवय नसल्यामुळं म्हणतात असं समजून पुढच्या टेकला, म्हणजे गाण्याच्या पुढच्या सलग रेकॉर्डिंगला, लागले. तक्रार मोजमापासकट बरोबर होती.

यावर दोन उपाय आहेत. एक, क्लिक सोडून देऊन चौघांनी एकत्र वाजवणं. दुसरा, लयीचा नकाशा करणं: नमन क्लिकशिवाय, पहिलं ध्रुवपद 93, दुसरं कडवं 95, तिसरं 98, शेवट 102. हा क्लिक फक्त ड्रमरच्या कानात द्यायचा. संबळवाल्याला द्यायचा नाही, त्याला ड्रमर ऐकू आला की पुरे. क्लिक संबळवाल्याच्या कानात गेला की तो ठोक्याच्या बरोबर वाजवायला बघतो आणि ठोक्याच्या किंचित आधी पडणारी काठी बोथट होते. बँडनं शेवटी पाच गाणी नकाशावर केली, चार क्लिकशिवाय.

पट्टी

हा दोष सगळ्यांत साधा आणि सगळ्यांत उशिरा सापडतो. शेजारच्या खोलीतल्याला त्रास नको म्हणून रात्री बसून हळू आवाजात बांधलेली चाल गळ्याला सोप्या, खालच्या पट्टीत जाते. माइकसमोर तोंड नेऊन ती गोडही लागते. तीच चाल उभं राहून ड्रमसमोर गायली की आवाज पोचत नाही, आणि गायक सूर सोडून जोर लावतो. दहापैकी सहा गाणी अशी खाली बसली होती. त्यांतली दोन पांढरी एकमध्ये होती, ती काळी दोनला नेल्यावर उघडली. गिटारवर तिसऱ्या पडद्याला कॅपो लावून तेच हात, त्यामुळं बदल सोपा. पण तुणतुण्याची तार पुन्हा लावावी लागते आणि बासला नवी बोटं बसवावी लागतात, म्हणून पट्टी रेकॉर्डिंगच्या निदान महिनाभर आधी ठरलेली हवी. तपासण्याची रीत: गाण्यातली सर्वांत वरची ओळ सलग तीन वेळा पूर्ण आवाजात, उभं राहून, ड्रमबरोबर गायची. तिसऱ्या वेळेला गळा ताणला तर पट्टी वर गेली आहे. पहिल्या वेळेलाच आवाज ड्रमखाली बुडाला तर खाली आहे.

हलगी

हलगीचं कातडं बकरीचं. वाजवण्याआधी ती जाळावर शेकतात, कातडं ताणलं जातं, आवाज चढतो. एसीच्या खोलीत किंवा पावसाळी हवेत तो पंधरा-वीस मिनिटांत उतरायला लागतो. मैदानात हे चालून जातं, कारण वाजवणारा मधेच पुन्हा शेकतो. स्टुडिओत जाळ करता येत नाही. पुण्यात दुपारी घेतलेल्या टेकचा एक तुकडा संध्याकाळच्या टेकमध्ये चिकटवला होता, आणि दोन्हींत हलगीचा सूर स्पष्ट वेगळा होता. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण त्या जागी गाणं अडखळल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या खेपेला असं केलं: दोन हलग्या. एक हातात, दुसरी बाहेरच्या खोलीत इलेक्ट्रिक रूम हीटरसमोर हातभर अंतरावर, दर काही मिनिटांनी फिरवत. जवळ ठेवली की कातडं एका बाजूनं करपतं आणि तडकतं. प्रत्येक टेकआधी कडेपासून तीन बोटं आत एक ठोका द्यायचा, ट्यूनरवर सूर बघायचा आणि वहीत लिहायचा. सूर अर्ध्या पट्टीपेक्षा जास्त उतरला की हलगी बदलायची. आणि तुकडे जोडायचे नाहीत, हलगीचा टेक पूर्ण घ्यायचा. नऊ गाण्यांत चार गाण्यांना हलगी होती, चारही पूर्ण टेक.

शब्द

पहिल्या अल्बममध्ये बसस्टँड, आईची शिलाई मशीन, मोंढ्यातली पहाट होती. दुसऱ्यात हॉटेल, विमानतळ, फोनवरचे आकडे. दीड वर्षात जगणं तेच होतं, तर गाण्यात तेच येणार, यात चूक काही नाही. अडचण ही की त्या जगण्यातलं निरीक्षण उथळ होतं. यावर घाईचा उपाय म्हणजे दुष्काळ घालणं. लोकांना मराठवाडा म्हटलं की दुष्काळ हवा असतो, आणि 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ही आठवणही खरी आहे. पण मागणी आहे म्हणून लिहिलेलं दुष्काळाचं गाणं इथला माणूस पहिल्या ओळीत ओळखतो. बँडनं तशी दोन गाणी लिहिली आणि दोन्ही टाकली. ते योग्यच केलं.

त्याऐवजी ऊसतोडीवरचं एक गाणं राहिलं, कारण बासवाल्याच्या घरातून दिवाळीनंतर माणसं तोडीला जायची. त्या गाण्याचं पुढं काय झालं ते खाली येतं.

मुदत मागणं

कामाची पहिली पायरी कागदाची होती. करारात मास्टर देण्याची तारीख जुलैअखेर होती. तारीख उलटून गेल्यावर माफी मागण्यापेक्षा ती येण्याआधी लेखी मुदत मागणं केव्हाही बरं, कारण तारीख चुकली की करार मोडला असं धरता येतं. बँडनं पंधरा महिने मागितले, बदल्यात जुन्या गाण्याचं एक लाइव्ह रेकॉर्डिंग मधल्या काळात सिंगल, म्हणजे सुटं गाणं, म्हणून दिलं. ईमेलवरचा होकार पुरेसा न मानता दोन्ही बाजूंच्या सह्यांचा एक पानी पुरवणी करार केला.

आठ प्रयोग

पुण्याच्या दहा गाण्यांतली सहा बाजूला ठेवली, चार घेतली, दहा नवी लिहिली. ही चौदा गाणी घेऊन नोव्हेंबर ते मार्च आठ ठिकाणी छोटे कार्यक्रम केले: अंबाजोगाई, लातूर, उदगीर, परभणी, जालना, नांदेड, बीड, धाराशिव. कॉलेजचं सभागृह, वाचनालयाचा हॉल, एका ठिकाणी शाळेचं पटांगण. लग्नाच्या तिथी टाळून, कारण तुळशीच्या लग्नानंतर मामांच्या घरी गोंधळाची कामं सुरू होतात आणि ते त्यांचं मुख्य उत्पन्न आहे. बँडच्या सोयीसाठी त्यांना त्यावर पाणी सोडायला लावणं चुकीचं ठरलं असतं.

प्रत्येक कार्यक्रम बारा गाण्यांचा, त्यांत नवी चार. नवं गाणं पहिलं किंवा शेवटचं ठेवायचं नाही. तिसरं, पाचवं, आठवं आणि दहावं. तिसऱ्या जागी लोक ताजे असतात, म्हणून तिथं चाललेलं गाणं पुढच्या वेळी आठव्या जागी टाकून बघायचं. "हे नवीन आहे" असं सांगायचं नाही, कारण तसं सांगितलं की लोक सौजन्यानं टाळ्या देतात.

मिक्सरमधून दोन ट्रॅक आणि प्रेक्षकांत साधारण वीस फुटांवर एक रेकॉर्डर. गाणं नीट ऐकायला मिक्सरचं रेकॉर्डिंग. पण निर्णयासाठी प्रेक्षकांतलं, कारण खुर्च्या सरकल्याचा आवाज आणि कुजबुज त्यात येते. वहीत रकाने असे: पट्टी, सुरुवातीची लय, शेवटची लय, मिनिटं, लोक कुठल्या सेकंदाला बोलायला लागले, दुसऱ्या ध्रुवपदाला कुणी सूर मिळवला का. शेवटचा रकाना सगळ्यांत खरा. पहिल्या ध्रुवपदाला शांतता असतेच. दुसऱ्याला समोरच्या रांगेत कुणाचे ओठ हलले नाहीत, असं तीन गावांत झालं, तर ध्रुवपद बदलायचं.

ऊसतोडीचं गाणं 5 मिनिटं 20 सेकंदांचं होतं. मधे गिटारचा 48 सेकंदांचा तुकडा. लातूर, उदगीर, परभणी, जालना, चारही ठिकाणी कुजबुज 2 मिनिटं 10 सेकंदांच्या आसपास, म्हणजे त्या तुकड्याच्या मध्यातच सुरू झाली होती. तुकडा 16 सेकंदांवर आणला, गिटार काढून नुसतं तुणतुणं ठेवलं. तिसरं कडवं दुसऱ्याचंच म्हणणं पुन्हा म्हणत होतं, ते 43 सेकंदांचं कडवंही गेलं. गाणं 4 मिनिटं 5 सेकंद झालं आणि नांदेडला दुसरं ध्रुवपद लोकांकडून परत आलं.

बीडला मात्र वेगळंच निघालं. एका ओळीत 'उचल' हा शब्द मजुरीच्या अर्थानं आला होता. कार्यक्रमानंतर धारूरकडचे एक आजोबा गायकाला म्हणाले, "उचल म्हणजे मजुरी नसती भाऊ. ती आधी घ्यायची आन् वर्षभर फेडीत बसायची असती." नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादम त्या कोयत्याला आगाऊ रक्कम देतो ती उचल, आणि तोडलेल्या टनांतून ती फिटते. बासवाल्याला हे माहीत होतं, पण त्यानं शब्दांकडं नीट बघितलंच नव्हतं. ओळ तिथंच बदलली. रेकॉर्ड होऊन ती बीड जिल्ह्यात वाजली असती तर अख्ख्या गाण्यावरचा विश्वास उडाला असता.

चौदांतली चार गळाली, दोन जोडून एक झालं, राहिली नऊ. पुण्याच्या दहांतली त्यांत तीन. आठ कार्यक्रमांत प्रवास वजा जाता 64,000 उरले.

रेकॉर्डिंग: पितृपक्ष

तारीख मामांच्या पंचांगावर ठरली. लग्नसराईत ते मोकळे नसतात, नवरात्रात तर अजिबात नाही. मधे पितृपक्षाचे पंधरा दिवस शुभकार्यं थांबतात, मंगल कार्यालयंही रिकामी असतात. पाऊस असतो, पण हलगीचा उपाय हाताशी होताच.

जागा म्हणून मंगल कार्यालयातली वरपक्षाची खोली घेतली, 18 बाय 14 फूट. टाळी वाजवली की समोरासमोरच्या भिंतींतून फडफडता प्रतिध्वनी येत होता. भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून दोरीवर चौदा गोधड्या टांगल्या. अंतर सोडल्यानं तीच गोधडी जास्त आवाज पिते. पण गोधडी फक्त वरचे सूर पिते, खालचा घुमारा तसाच राहतो, म्हणून कार्यालयाच्याच गाद्या चारही कोपऱ्यांत छतापर्यंत रचल्या. गायक शेजारच्या खोलीत, दार किलकिलं ठेवून, नजरेला नजर मिळेल असा. गिटारचा अँप जिन्याखालच्या भांड्यांच्या खोलीत.

वीज हा वेगळा विषय. पहिल्याच तासाला सगळ्या चॅनेलवर 50 हर्ट्झची गुणगुण होती. केबल बदलून ती जाईना. कारण अर्थिंग. पावसाळा असला तरी अर्थिंगचा खड्डा पत्र्याच्या शेडखाली होता आणि कोरडा पडला होता. त्यात चार बादल्या पाणी ओतलं, खारट पाणी नव्हे, साधं, आणि सगळं सामान एकाच बोर्डावरून घेतलं. गुणगुण गेली. वीज जाईल म्हणून जो इन्व्हर्टर आणला होता तो चौकोनी लहरींचा होता, त्यावर पुन्हा घरघर यायला लागली. साइन वेव्हचा मागवला. लॅपटॉप आणि इंटरफेस त्यावर, बाकी जनरेटरवर. जनरेटर इमारतीच्या मागं, साठ फुटांवर.

चॅनेल चौदा: ड्रमला सहा, संबळीला तीन, बासची थेट लाइन, गिटार, अंदाजाचा गळा (पक्का गळा नंतर घ्यायचा) आणि खोलीचे दोन. संबळीच्या लहान भांड्याला शुअर एसएम 57 माइक, चार बोटांवरून, कातड्याच्या कडेकडं तिरका, कारण मधोमध रोखला की नुसता टकटकाट येतो. मोठ्या भांड्याला बास ड्रमचा माइक, वीतभर वरून. तिसरा कंडेन्सर माइक वादकाच्या खांद्याच्या उंचीवरून साडेतीन फुटांवर. हा तिसराच संबळीचा खरा आवाज देतो, पहिले दोन त्याला आधार. तिन्ही एकत्र ऐकताना एकेकाची पोलॅरिटी (आवाजाच्या लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघायची आणि ज्या बाजूला खालचा आवाज भरतो ती ठेवायची. दोन माइकमधलं अंतर माइक आणि वाद्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट हवं. लहान-मोठ्या भांड्यांत ते जमत नाही, म्हणून तर पोलॅरिटीची तपासणी टाळता येत नाही. रेकॉर्डिंग 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर, आणि सर्वांत जोराचा ठोका उणे 10 डेसिबलच्या पुढं जाऊ द्यायचा नाही. संबळवाला शेवटच्या आवर्तनात नेहमी तालमीपेक्षा जोरात वाजवतो, ती जागा राखून ठेवायची असते.

प्रत्येक गाण्याचे जास्तीत जास्त तीन टेक. तिसऱ्यातही जमलं नाही तर दुसऱ्या गाण्याकडं वळायचं. चार दिवसांत नऊ गाणी झाली. सात गाण्यांत दुसरा टेक निवडला गेला.

खर्च: कार्यालय 24,000, इंजिनिअर सामानासह 36,000, जोडीच्या हलगीवाल्याचं मानधन 15,000, डिझेल 8,000, जेवण 9,000, नंतर गळा आणि बारीक कामं 20,000, मिक्सिंग 63,000, मास्टरिंग 18,000. एकूण 1,93,000. ॲडव्हान्समधले उरलेले 70,000, प्रयोगांचे 64,000 आणि पहिल्या अल्बमच्या शिलकीतले 59,000.

मास्टरिंग

पुण्याचे मिक्स जवळजवळ उणे 7 एलयूएफएसपर्यंत दाबले होते (हे आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक, शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा). स्पॉटिफाय उणे 14 वर आणि ॲपल म्युझिक उणे 16 वर आवाज सारखा करतात, म्हणजे ते गाणं तिथं खाली ओढलं जाणारच. मोठेपणा तर जातो, आणि लिमिटरनं, म्हणजे आवाजाची टोकं दाबणाऱ्या साधनानं, चपटी केलेली संबळीची काठी परत येत नाही. या खेपेला उणे 11 च्या आसपास थांबले, ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत वरचं टोक) उणे 1. सलग ऐकताना फरक संबळीच्या पहिल्याच ठोक्याला कळतो.

कागद

आजोबांच्या त्या वाक्यानं कराराकडं बघायची नजर बदलली. ॲडव्हान्स म्हणजे उचलच. ती फिटते बँडच्या वाट्यातून, एकूण कमाईतून नाही. वाटा निम्मा आणि ॲडव्हान्स तीन लाख असेल, तर गाण्यांनी चार लाख कमावले तरी बँडचे दोन लाख उचलीत जमा होतात, एक लाख अजून फिटायचे राहतात, आणि लेबलकडं तोवर स्वतःच्या वाट्याचे दोन लाख आलेले असतात. म्हणून ॲडव्हान्स गरजेपुरताच घ्यावा, आणि फेड एकूण रकमेतून व्हावी अशी मागणी निदान करून बघावी.

हक्क किती वर्षांसाठी आणि कुठल्या देशांत दिले ते करारात स्पष्ट हवं. मुदत लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायद्यानं पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. याच कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा सहीनं सोडून देता येत नाही, तसं कलम कुणी घातलं तरी. ही रॉयल्टी आयपीआरएस या गीत-संगीताच्या कॉपीराइट संस्थेमार्फत येते, आणि सभासदत्व बँडचं नसतं, ज्याचे शब्द किंवा चाल त्याचं स्वतःचं असतं.

वाटणीचा कागद रेकॉर्डिंगच्या आधी झाला. शब्द लिहिणाऱ्याचे. चालीत ज्यानं भर घातली त्याचा वाटा गाण्यागणिक लिहिला. तीन गाण्यांत संबळीचं आवर्तन हाच चालीचा कणा होता, तिथं मामांचं नाव संगीतकारांत आलं. रेकॉर्डिंगच्या हक्काचे चार सारखे वाटे. हे नंतर करायला गेलं की कुणाचं गाणं चाललं ते माहीत असतं आणि बोलणं कठीण होतं.

एका नव्या गाण्याच्या शेवटी वामनदादा कर्डकांच्या दोन ओळी घ्यायचं मनात होतं. लोकांच्या तोंडी आहेत म्हणून त्या सर्वांच्या मालकीच्या, असा समज सरसकट आढळतो. कर्डक 2004 साली गेले, कॉपीराइट मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे 2064 अखेरपर्यंत. वारसांची परवानगी लागते. वेळेत ती मिळण्यासारखी नव्हती, ओळी काढल्या. पारंपरिक 'उदे गं अंबे उदे' ला असा अडसर नाही, पण मामांनी त्यातला नमनाचा भाग लूपवर टाकू नये असं सांगितलं होतं, ते पाळलं.

प्रकाशन

वितरकाकडं, म्हणजे ॲप्सवर गाणी चढवणाऱ्या कंपनीकडं, गाणी पाच आठवडे आधी गेली. स्पॉटिफायच्या संपादकांकडं एक गाणं सुचवता येतं, आणि ते प्रकाशनाच्या निदान सात दिवस आधी. उशिरा अपलोड करणाऱ्यांची ही संधी दरवेळी जाते. इथं एक घोटाळा झाला: पहिला अल्बम रोमन लिपीतल्या नावानं होता, दुसऱ्याला नाव देवनागरीत भरलं, आणि सिंगल एका नव्याच, शून्य श्रोत्यांच्या पानावर जाऊन बसलं. अपलोड करताना जुन्या पानाचा आयडी जोडायचा राहिला होता. दुरुस्तीला नऊ दिवस गेले, ते नेमके पहिले नऊ दिवस.

क्रम ठरवताना ऊसतोडीचं गाणं दुसरं ठेवलं. ऐकलेलं 30 सेकंदांनंतरच मोजलं जातं म्हणून लांब नमनाचं गाणं पहिलं नको, असा सल्ला मिळाला होता. बँडनं 50 सेकंदांच्या नमनाचं गाणंच पहिलं ठेवलं, आणि आम्हाला ते पटतं. प्रयोगांत हे गाणं वाजलं तेव्हा त्याच्या नमनाला लोक आत येऊन बसले होते. सिंगल म्हणून मात्र सातवं गाणं दिलं, ज्यात गळा चौथ्या सेकंदाला येतो.

पहिल्या सहा महिन्यांत रील्सवर यातलं काही फिरलं नाही. जुन्या गाण्याइतके आकडे कुठल्याच नव्या गाण्याला आले नाहीत. पण शोमधली बारापैकी सात गाणी आता दुसऱ्या अल्बमची आहेत, आणि नऊपैकी नऊ गाणी बारा महिन्यांत हजार वेळांहून जास्त ऐकली जाण्याच्या वाटेवर आहेत. 2024 पासून स्पॉटिफायवर त्याखालच्या गाण्याला रेकॉर्डिंगचे पैसे मिळत नाहीत. उचल अजून फिटलेली नाही. दर तिमाहीला लेबलचा हिशेब आला की बासवाला चौघांच्या ग्रुपवर उरलेली रक्कम टाकतो, आणि ऊसतोडीच्या गाण्याची शेवटची लय वहीच्या त्याच रकान्यात लिहितो. मागच्या धाराशिवच्या कार्यक्रमात ती 104 होती.